‘विश्वास’ आणि ‘आत्मविश्वास’ : ख्रिस्ती श्रद्धा व मराठी स्त्रीचे आत्मकथन

१

‘आत्मविश्वास’ हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या घटनेकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ख्रिस्ती मराठीच्या अभ्यासकाला मात्र या सामासिक शब्दाचे दुसरे पद अडविल्याशिवाय राहत नाही. मराठी बायबलात आणि ख्रिस्ती मंडळीच्या नित्य व्यवहारात ईश्वरनिष्ठेसाठी योजिला जाणारा शब्द ‘श्रद्धा’ नसून प्रामुख्याने ‘विश्वास’ हाच आहे. जो निष्ठावंत तो ‘विश्वासी’, आणि ज्याने निष्ठा सोडली तो ‘अविश्वासी’. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेमुळे स्त्रीच्या ठिकाणी आत्मविश्वास उत्पन्न झाला काय, हा प्रश्न मराठीत विचारावयाचा झाला तर तो असा होतो : देवावरील विश्वासाचे स्वतःवरील विश्वासात रूपांतर कसे होते?

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ख्रिस्ती उपदेशाचा एक मोठा भर आत्मत्यागावर आहे. ज्या स्त्रीला ‘स्व’ म्हणून काही राखून ठेवण्याची मुभाच नव्हती, तिला ‘स्व’चा त्याग करावयास सांगणे म्हणजे रिकाम्या हातांनी दान करावयास सांगण्यासारखे आहे. असे असूनही ख्रिस्ती झालेल्या दोन स्त्रियांनी, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी, मराठीतील स्त्रीच्या स्वरास अपूर्व धिटाई आणून दिली, हे नाकारता येत नाही. ही धिटाई श्रद्धेतून आली की श्रद्धेच्या आधीची होती, आणि श्रद्धेतून आली असल्यास श्रद्धेच्या कोणत्या अंगातून आली, याचा भाषेच्या अंगाने विचार करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार अकोल्यासारख्या ठिकाणी बसून करण्यास एक स्थानिक निमित्तही आहे. प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्यांचा उगम अकोले तालुक्याच्या डोंगरांत आहे. पैकी प्रवरा खाली नेवाशाला जाते, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते. मुळा राहुरीजवळून जाते, आणि टिळक दांपत्याचे काही काळ वास्तव्य राहुरीस होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहरात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. तेथील मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहूनच पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा जोतीराव फुले यांना मिळाली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ साली याच नगरातून निघाले. मराठी स्त्रीशिक्षणाचा आणि ख्रिस्ती मराठीचा इतिहास या जिल्ह्याला वगळून सांगता येणार नाही.

२

मराठी गद्यात ख्रिस्ती श्रद्धेची स्त्री प्रथम ठळकपणे दिसते ती बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत. यमुना सुशिक्षित आहे आणि मनाने ख्रिस्ताकडे वळलेली आहे. पतीसह प्रवास करीत असता ती ठिकठिकाणच्या विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकते, पुढे स्वतः वैधव्य भोगते, आणि अखेरीस धर्मांतर व पुनर्विवाह करते. विधवांच्या यातना इतक्या स्पष्टपणे मराठी वाचकासमोर मांडण्याचे श्रेय या पुस्तकास निःसंशय दिले पाहिजे.

परंतु यमुना बोलते ती कोणाच्या भाषेत? तिच्या संवादात युक्तिवाद आहे, शास्त्रार्थ आहे, करुणाही आहे. पण तिचा असा शब्द नाही. बाबा पदमनजींच्या निबंधातील वाक्य उचलून तिच्या तोंडी घातले असता काही बिघडत नाही, आणि तिचे वाक्य निबंधात घातले तरी ते तेथे उपरे वाटत नाही. श्रद्धेने तिला बोलण्याचा विषय दिला, बोलण्याची रीत मात्र लेखकाची राहिली. पुरुषाने स्त्रीची बाजू मांडणे आणि स्त्रीने आपली बाजू मांडणे यांतील अंतर कितीही सदिच्छेने भरून येत नाही, याचा हा मराठीतील आरंभीचा पुरावा होय. म्हणून ‘यमुनापर्यटना’त स्त्रीविषयीची कळकळ पुष्कळ असली तरी स्त्रीचा आत्मविश्वास तेथे शोधणे व्यर्थ आहे.

३

पंडिता रमाबाईंचे प्रकरण याच्या उलट आहे. त्यांनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वीच त्या संस्कृतज्ञ म्हणून विख्यात होत्या. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झालेले होते. सभांतून त्या बोलत होत्या. अशा स्त्रीला आत्मविश्वास धर्मांतराने दिला असे म्हणणे म्हणजे तिच्या पूर्वायुष्याचा अपमान करणे होय. किंबहुना बाप्तिस्म्यानंतर लगेचच या आत्मविश्वासाची कसोटी खुद्द चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे लागली. चेल्टनहॅम येथे त्या संस्कृत शिकवीत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. सिस्टर जेराल्डीन आणि मिस बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. एकदा ख्रिस्ताला मानल्यावर चर्चच्या प्रत्येक मताला मान तुकविली पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते, हे त्या पत्रांवरून स्पष्ट दिसते. एक विश्वास स्वीकारताना दुसरी ताबेदारी पत्करावयाची नाही, हा त्यांचा बाणा होता.

भाषेच्या अभ्यासकाला त्यातील एक मुद्दा विशेष मोलाचा वाटेल. क्रूसावर लॅटिन शब्द असावेत या प्रघातास रमाबाईंनी आक्षेप घेतला. शब्द कोरावयाचेच असतील तर ते संस्कृत असावेत. संस्कृत ही देवभाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून, अशी त्यांची भूमिका होती. धर्म परका झाला तरी भाषा परकी होऊ द्यावयाची नाही, हा निश्चय नुसता देशाभिमानाचा नव्हता. देवाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हे आपण ठरवू, असे म्हणणे हा श्रद्धेच्या क्षेत्रातील स्वाधिकाराचा पहिला उच्चार आहे.

हाच निश्चय पुढे केडगावच्या मुक्तिसदनात निराळ्या रूपाने प्रकटला. संस्कृतचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या या विदुषीने मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे भाषांतर केले ते मात्र सोप्या मराठीत. प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना अवघड जाते, ही त्यांची तक्रार होती. संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी बाहेर पडले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या ज्या बायकांना वाचण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांनी धर्मग्रंथाचे अक्षर स्वतःच्या बोटांनी जुळवावे, ही घटना आमच्या मते पुष्कळशा उपदेशांपेक्षा अधिक बोलकी आहे. ज्या ग्रंथापुढे मान तुकवावयाची तो ग्रंथ आपल्या हातून तयार होतो, हे ज्याने पाहिले त्याचा ग्रंथाशी असलेला संबंध पूर्वीसारखा राहू शकत नाही.

४

रमाबाईंनी आपले आध्यात्मिक आत्मवृत्त १९०७ साली इंग्रजीत ‘साक्ष’ या अर्थाच्या नावाने लिहिले. हा ‘साक्ष’ शब्द आमच्या विवेचनाचा कणा आहे. मंडळीसमोर उभे राहून, आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगणे, याला मराठी ख्रिस्ती समाज ‘साक्ष देणे’ म्हणतो. मुळात हा शब्द न्यायसभेतला. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. आणि न्यायसभेतील स्त्रीच्या साक्षीविषयी मनुस्मृतीचे मत प्रसिद्ध आहे : स्त्रियांच्या प्रकरणी स्त्रियांनी साक्ष द्यावी, एरवी स्त्रिया कितीही असल्या व कितीही शुचिर्भूत असल्या तरी बुद्धीच्या अस्थिरतेमुळे त्यांची साक्ष ग्राह्य नाही. अशा परंपरेत वाढलेल्या स्त्रीला कोणी म्हणावे की, ‘बाई, उभी राहा, तू पाहिलेस ते सांग, आम्ही ऐकतो,’ तर धर्ममत बाजूला ठेवले तरी ही एक भाषिक क्रांतीच होय. शिवाय शुभवर्तमानाच्या कथेत पुनरुत्थानाची पहिली साक्ष देणारी मग्दालीया मरीया ही स्त्रीच आहे, आणि विहिरीवर ख्रिस्ताशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीच्या शब्दावर तिचे गावचे लोक विश्वास ठेवतात.

ही विहिरीची कथा मराठी वाचकाला अर्थ सांगितल्यावाचून कळते. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरी ख्रिस्ताने त्या स्त्रीजवळ पाणी मागितले. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, यावर ज्या समाजाची घडण झाली त्या समाजात या कथेचे टीकाकार शोधावे लागत नाहीत. आपल्या परिवर्तनात या कथेचा वाटा होता असे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाचा खरा कसही पाण्याच्याच प्रश्नावर लागला.

५

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून क्रमाने चार भागांत प्रसिद्ध झाली. अखेरचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर (फेब्रुवारी १९३६) बाहेर आला. या ग्रंथाविषयी मराठी टीकेत दोन मते रूढ झाली आहेत. एका मताने ही एका आत्म्याच्या उद्धाराची कथा आहे : कर्मठ घरातील अशिक्षित मुलगी ख्रिस्ताच्या कृपेने निर्भय झाली. दुसऱ्या मताने धर्म येथे केवळ प्रासंगिक आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, निरीक्षण आणि सडेतोडपणा जन्मजात असून त्या ख्रिस्ती झाल्या नसत्या तरी तो तसाच राहिला असता. पहिल्या मतात श्रद्धेला सर्वस्व दिले आहे, दुसऱ्यात काहीच दिलेले नाही. ग्रंथाची भाषा यांपैकी कोणालाही पूर्ण दुजोरा देत नाही.

प्रथम काळक्रम पाहावा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधली पाच वर्षे वियोगाची, आक्रोशाची, मग अंतर राखून एकत्र राहण्याची आणि शेवटी विचाराची आहेत. पतीमागे निमूट जाणे हा त्या काळच्या स्त्रीचा धर्म मानला गेला असता, आणि तसे त्या गेल्या असत्या तर कोणी आश्चर्यही केले नसते. पण त्या गेल्या नाहीत. जातिभेद ईश्वराने निर्माण केला नाही, हा निष्कर्ष त्यांनी बाप्तिस्म्याआधी स्वतःशी विचार करून काढला, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची तयारी त्यातून आली. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र येते, सारे घर पाण्याने धुऊन काढणाऱ्या त्या भयाचे, ते लक्षात ठेवले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. भयाची सुरुवात पाण्यात होती. त्याचा शेवटही पाण्याशीच झाला. म्हणजे श्रद्धेने आत्मविश्वास दिला असे म्हणण्याऐवजी, श्रद्धेचा स्वीकार हीच लक्ष्मीबाईंच्या आत्मविश्वासाची पहिली मोठी कृती होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आता भाषा पाहू. मराठी अकर्मक क्रियापद भूतकाळात बोलणाऱ्याचे लिंग झाकू देत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत पुरुष व स्त्री उघड होतात. मराठी स्त्रीचा ‘मी’ पावलोपावली ‘मी स्त्री’ असतो. तेव्हा स्त्रीने ‘मी’ किती वेळा म्हटले यापेक्षा त्या ‘मी’पुढे कोणती क्रियापदे आली, हे पाहणे उद्बोधक ठरते. ‘मला वाटले’, ‘मला भीती वाटली’, ‘मला कळले’ या चतुर्थीच्या रचनांत अनुभव कर्त्याकडे चालून येतो; ‘मी ठरविले’, ‘मी सांगितले’, ‘मी नाही म्हटले’ यांत कर्ता अनुभवाकडे चालून जातो. ‘स्मृतिचित्रां’त दोन्ही प्रकार सर्वत्र आहेत, परंतु पूर्वार्धात सासरच्या, वियोगाच्या आणि परावलंबनाच्या प्रकरणांत पहिल्या प्रकाराचे प्राबल्य जाणवते, तर नगरचे संसारचित्र, प्लेगमधील शुश्रूषा, आश्रित मुलांचा सांभाळ या प्रकरणांत दुसरा प्रकार पुढे येतो. धर्ममताची चर्चा जेथे आहे तेथे नव्हे, तर काम जेथे आहे तेथे व्याकरण बदलते, हे लक्षणीय आहे.

त्याहून ठळक साक्ष पतीच्या उल्लेखाची आहे. त्या काळची मराठी स्त्री पतीचे नाव उखाण्याखेरीज घेत नसे. ‘हे’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा वळणांनी ती भाषेत वाट काढी. या संदर्भात रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या थोर ग्रंथाशी तुलना करण्याजोगी आहे. तेथे न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने येतो. आत्मवाचक सर्वनाम पतीला बहाल केलेले! त्यातील भक्ती अकृत्रिम आहे, आणि रमाबाई रानड्यांनी पुढे सेवासदनात केलेले कार्य पाहता त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. तरी शीर्षकातील ‘आमच्या’ आणि मजकुरातील ‘स्वतः’ यांवरून ‘स्व’चा केंद्रबिंदू कोठे होता हे दिसते. लक्ष्मीबाई मात्र सरळ ‘टिळक’ असे लिहितात. त्या एका शब्दात आदर आहे, अंतर आहे, आणि अंतर असल्यामुळे ज्याच्यावर हसता येते असा एक माणूसही आहे. टिळकांची उधळी उदारता, त्यांचा राग, त्यांचे विसरभोळेपण यांवर लक्ष्मीबाई हसतात. पण ते हसणे कोठेही सूड होत नाही. ज्याच्या नावाचाही उच्चार वर्ज्य तो विनोदाचा विषय होऊ शकत नाही.

हे अंतर श्रद्धेने दिले काय? काही अंशी होय, असे आम्हांस वाटते. ज्या व्यवस्थेत पती हाच देव, तेथे पतीकडे पाहण्यास दुसरी जागाच उरत नाही. देव पतीहून वेगळा झाला, आणि दोघेही त्याच्यापुढे सारखेच अपराधी व सारखेच क्षम्य ठरले, की पत्नीला उभे राहण्यास हातभर जमीन मिळते. टिळकांनी स्वतः तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले. त्यांच्या ख्रिस्ती भक्तीत मराठी भक्तिपरंपरेचा ओलावा कायम राहिला. त्यामुळे लक्ष्मीबाईंना देवाशी बोलण्यासाठी घरची भाषा सोडावी लागली नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे धाडस त्यांनी केले. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने पतीच्या महाकाव्याला हात घालावा, यात श्रद्धेचा आणि आत्मविश्वासाचा वाटा निराळा काढता येणे कठीण आहे.

६

एवढ्यावर थांबलो तर लेख सोयीचा होईल, पण अपुरा. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघीही ब्राह्मण घरच्या. त्यांच्या धिटाईला जी भाषा उपलब्ध होती ती छापखान्याची, किंवा छापखान्याला सहज पचणारी भाषा होती. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेला आहे. त्यातील असंख्य स्त्रिया मिशनच्या शाळांत शिकल्या. काही ‘बायबल वुमन’ म्हणून पुस्तक हाती घेऊन गावोगाव हिंडल्या. अनोळखी दारांत उभ्या राहून वाचू लागल्या, आणि त्यासाठी अपमानही सोसला. दारात उभे राहण्याची मनाई असलेल्या जातीतील स्त्रीने दारात उभे राहून वाचणे, हा आत्मविश्वास लक्ष्मीबाईंच्या आत्मविश्वासाहून तसूभरही कमी नव्हता. पण त्याची मराठी नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात जवळपास नाही. आपण ज्यास ‘ख्रिस्ती स्त्रीचा मराठी स्वर’ म्हणतो तो त्या समाजातील एका लहान भागाचा स्वर आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दलित स्त्रीचे आत्मकथन मराठीत ग्रंथरूपाने ठसले ते १९८६ च्या सुमारास : शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. या लेखिकांच्या मागे ख्रिस्ती श्रद्धा नाही, डॉ. आंबेडकरांची शिकवण आणि १९५६ च्या धर्मांतराने दिलेले बळ त्यांच्या मागे आहे. शांताबाईंच्या शीर्षकाकडे नुसते पाहावे. ‘माझ्या’ नव्हे ‘माज्या’, ‘जन्माची’ नव्हे ‘जल्माची’. ‘स्मृतिचित्रे’ या नावात आत बोलीचा झरा वाहत असूनही दर्शनी संस्कृत समासाची कमान आहे. ‘माज्या जल्माची’ या नावात ती कमान काढून टाकली आहे. पन्नास वर्षांत मराठी स्त्रीचा आत्मविश्वास ग्रंथाच्या आतून मुखपृष्ठापर्यंत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

या तुलनेवरून कोणी असे म्हणेल की, मग ख्रिस्ती श्रद्धेचे वैशिष्ट्य ते काय राहिले? कोणताही विश्वास, कोणतीही चळवळ तेच काम करते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. माणूस म्हणून आपली किंमत आहे, हे सांगणारी आणि ‘तू बोल’ म्हणणारी कोणतीही संघटित श्रद्धा स्त्रीला उभी करू शकते. पण प्रत्येक श्रद्धा कोणत्या प्रकारचे बोलणे शिकविते, यात फरक पडतो. ख्रिस्ती परंपरेने शिकविली ती साक्ष : एका व्यक्तीने आपल्या एकट्याच्या अनुभवाची दिलेली कबुली. बेबीताईंच्या शीर्षकात ‘आमुचं’ आहे. तेथे समूह बोलतो. रमाबाई-लक्ष्मीबाईंच्या लेखनात ‘मी’ बोलते. पहिल्यात समाजाचे दुःख अधिक स्वच्छ दिसते, दुसऱ्यात मनाचे वळण. यांपैकी एकाला श्रेष्ठ ठरविण्याचे कारण नाही. परंतु एकाच शब्दाने, ‘आत्मविश्वास’ या नावाने, दोन्हींचा उल्लेख करणे मात्र शास्त्रीय दृष्ट्या ढिसाळपणाचे होईल.

७

सारांश, मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या आत्मविश्वासाचे मूळ धर्ममतात शोधू गेले असता ते हाती येत नाही. धर्माने उपलब्ध केलेल्या व्यवहारांत शोधले असता येते. साक्ष देण्याची प्रथा, वाचता येण्याची गरज, शुश्रूषा व शिक्षण यांसारखी कामे, आणि पतीहून वेगळा असा देव, ही ती चार ठिकाणे. जेथे हे चारही होते तेथे स्त्रीची भाषा बदलली. जेथे उपदेश होता पण हे नव्हते तेथे ‘यमुनापर्यटना’तील यमुनेप्रमाणे ती दुसऱ्याचे वाक्य बोलत राहिली. जी मंडळी आजही स्त्रीला श्रद्धेतून धीर देऊ पाहतात त्यांना, त्यांचा पंथ कोणताही असो, या निष्कर्षाचा विचार करावा लागेल : स्त्रीला व्याख्यान ऐकवून आत्मविश्वास येत नाही, तिचे ऐकल्याने येतो.

आपल्या गावांत धीट बाईसाठी शब्दांची वाण नाही : आगाऊ, तोंडाळ, फटकळ. ‘धीट’ हा शब्दही कौतुकाने वापरला आहे की टोचून, हे सुरावरूनच ठरते. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांतील वृद्ध ख्रिस्ती स्त्रिया आपल्या साक्षी ज्या बोलीत देतात त्या बोलीचे ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर हे भाषाविभागांनी हाती घ्यावयाचे काम आहे. ‘वाटले’ आणि ‘ठरविले’ यांचे प्रमाण त्या कथनांत कसे पडते, हे मोजून पाहिल्यावाचून प्रस्तुत लेखातील अनुमान दोन ब्राह्मण लेखिकांपुरतेच खरे मानावे. ते सर्वांपुरते खरे ठरते की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या बोलणाऱ्या स्त्रियांचा आहे, आणि त्यांच्यापैकी ज्यांना मुक्तिसदनाच्या काळच्या व प्लेगच्या काळच्या आज्यांच्या आठवणी ठाऊक आहेत त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे.